मराठी डिझाइनसाठी माल कुठून आणता? (फॉन्ट, चित्रं, रंग, आणि प्रेरणा वगैरे)

कित्ता (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथं वाचनमात्र आहे, पहिल्यांदाच धागा काढतेय. सांभाळून घ्या.

अप्लाइड आर्ट करून आठ वर्षं पुण्यात पॅकेजिंगचं काम केलं. बिस्किटांचे पुडे, शांपूच्या बाटल्या. सगळं इंग्रजीत, मराठी असलीच तर मागच्या बाजूला मुंगीएवढ्या अक्षरात. गेल्या वर्षी सांगलीला परत आले, घरातच छोटा स्टुडिओ थाटला, आणि आता येणारं काम उलटं: सगळंच मराठी. लग्नपत्रिका, पतसंस्थेचा वार्षिक अहवाल, मंडळाची पावतीपुस्तकं, हळदीच्या पाकिटावरचं लेबल. आता एका वाचनालयाचा दिवाळी अंक आलाय. मुखपृष्ठ आणि आतली ९६ पानं. बजेट म्हणाल तर "आपलंच वाचनालय आहे हो" एवढं.

कॉलेजात देवनागरीचं एक असाइनमेंट केलं होतं, त्यावर किती दिवस काढणार? प्रेरणा शोधायला बिहान्स, ड्रिबल, पिंटरेस्ट उघडते. देखणं असतं सगळं, पण सगळे एकाच घरात वाढल्यासारखे. पिंटरेस्टवर मराठी म्हणून शोधलं की राजमुद्रा, मोरपीस आणि तीच 'शुभविवाह'ची सोनेरी क्लिपआर्ट.

तर तुम्ही मराठी कामासाठी काय वापरता? फॉन्ट, फोटो, जुनी चित्रं, रंगसंगती, शिकण्यासारखं काही. फुकट असेल तर सोन्याहून पिवळं, पण कायदेशीर हवं. अंकावर माझं नाव जाणार आहे.

फुकट_फौजदार

धाग्याला शुभेच्छा. चटई टाकून बसलोय. आयडीवरून गैरसमज नको, मी फक्त फुकट आणि कायदेशीर गोष्टींचाच फौजदार आहे.

बोरूबहाद्दर

विषय जिव्हाळ्याचा, त्यामुळे लांबणार.

फॉन्टपासून सुरुवात करा. गूगल फॉन्ट्सवर लिपी म्हणून देवनागरी निवडली की भरपूर टाइप दिसतात, आणि जवळजवळ सगळे ओपन फॉन्ट लायसन्सखाली आहेत. म्हणजे छापा, जाहिरातीत वापरा, लोगोत वापरा, पैसे कमवा. फक्त फॉन्टची फाइल तेवढी सुटी विकायची नाही. दहा वर्षांपूर्वी पेनड्राइव्हवरून फिरणारे कुणाकुणाचे फॉन्ट वापरायचो, ते पाप आता करायचं कारण उरलेलं नाही.

मजकुरासाठी माझा पहिला हात 'मुक्ता'वर जातो. मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्ट करणाऱ्या मंडळींचं काम, सात वजनं (म्हणजे बारीक ते जाड अशी रूपं), आणि गुजराती, गुरुमुखी, तमिळमध्येही भावंडं आहेत. अहवाल, फॉर्म, माहितीपत्रक, कुठंही शोभतं. अंकातल्या कथा-कवितांसाठी मात्र थोडं पुस्तकी वळण हवं, तिथं 'टीरो देवनागरी मराठी' बघा. हा टाइप हिंदी, मराठी आणि संस्कृत अशा तीन वेगळ्या रूपांत मिळतो. नाव नीट वाचून उतरवा, हिंदीवालं उतरवलंत तर वळणं हिंदीची येतील. याबद्दल इथल्या वेलांटीताई बोलतीलच, मी त्यांचा घास हिरावत नाही.

शीर्षकांसाठी खेळायला भरपूर आहे. 'मोदक' नावासारखाच गुबगुबीत, अक्षराच्या आतली पोकळी जेमतेम उरलेली. लहान मुलांचं पान असेल तर बहार. 'बलू' त्याचा जरा सडपातळ भाऊ. 'यात्रा वन' मुंबई लोकलच्या हाताने रंगवलेल्या पाट्यांवरून सुचलेला आहे. 'जैनी' जैन कल्पसूत्राच्या हस्तलिखितांतल्या अक्षरवळणावर बेतलेला. 'अनेक' मात्र खास अभ्यासण्यासारखा आहे: २०२२ साली आला, नऊ भारतीय लिप्या आणि जोडीला रोमन, शिवाय व्हेरिएबल. जाडी आणि रुंदी दोन्ही हवी तशी सरकवता येते. मथळा कॉलमात बसत नाही म्हणून अक्षरं दाबून चेपायची गरज नाही, फॉन्ट स्वतःच अंग चोरतो.

एकच विनंती. 'पॉपिन्स' सगळीकडे लावू नका. चांगला टाइप आहे, पण दर तिसऱ्या बँकेच्या, क्लासच्या आणि दवाखान्याच्या जाहिरातीत तोच.

वेलांटी

आले आले.

मी मुद्रितशोधक आहे, डिझाइनर नाही. पण डिझाइनरांनी केलेले घोळ निस्तरण्यातच वीस वर्षं गेली, म्हणून बोलते.

राज्य सरकारच्या २००९ च्या शासन निर्णयात मराठीसाठी पाकळीयुक्त 'ल' आणि देठयुक्त 'श' सांगितलेले आहेत, २०२२ मध्ये पुन्हा तेच सांगितलं. म्हणजे पहिलीच्या पुस्तकात गिरवतो तो ल, उजवीकडे उभी दांडी नसलेला. बहुतेक संगणकी टाइपांत आपसूक दिसतो तो दांडीवाला, हिंदी वळणाचा. चूक म्हणणार नाही, वाचता येतोच. पण मराठी बाळबोध अंकात तो मला पाहुण्यासारखा वाटतो. बऱ्याच चांगल्या फॉन्टांत दोन्ही रूपं दडवलेली असतात. सॉफ्टवेअरमध्ये मजकुराची भाषा मराठी निवडली की आपलं रूप वर येतं. वेबपानावरसुद्धा भाषेचा कोड मराठीचा द्यावा, हिंदीचा नको.

दुसरं, नवा फॉन्ट आवडला म्हणून लगेच ९६ पानं ओतू नका. आधी त्याची परीक्षा घ्या. माझं वाक्य देते, चिकटवून ठेवा:

"ॲल्युमिनियमच्या कुऱ्हाडीनं वाङ्मय उद्ध्वस्त, विठ्ठल ऱ्हस्व, शृंगार दीर्घ, दऱ्याखोऱ्यांत ऑम्लेट."

अर्थ विचारू नका. यात ॲ आहे, तो युनिकोडमध्ये उशिरा, २००८ साली आला, त्यामुळे जुन्या फॉन्टांत त्या जागी चौकोन दिसतो. कुऱ्हाडीतला आणि दऱ्यांतला आडवा र आहे, तो हिंदीला लागत नाही म्हणून पुष्कळदा तपासलेलाच नसतो. 'दऱ्या'ऐवजी 'दर्या' छापलं तर डोंगरातून थेट समुद्रात. उद्ध्वस्तमध्ये तीन व्यंजनं एकमेकांवर बसतात, ठ्ठ खालच्या ओळीत घुसतो का तेही कळतं.

पेठेतला_छापखाना

वेलांटीबाईंना साष्टांग नमस्कार. त्यांच्यासारखं कुणी पूर्वी भेटलं असतं तर माझ्याकडची बरीच रद्दी वाचली असती.

मी छापणारा माणूस. खिळे जुळवताना वडिलांना पाहिलंय, पुढं ऑफसेट आलं, डीटीपी आलं. आजकालची मुलं फाइल आणतात, पडद्यावर झकास, आणि प्रूफ काढलं तर 'किती'चं 'कतिी'. पहिली वेलांटी अक्षराच्या मागं! कारण साधं आहे. जुन्या फोटोशॉपला, तसंच इलस्ट्रेटर, इनडिझाइन यांना देवनागरी नीट जुळवायला त्यांचा वर्ल्ड-रेडी कंपोझर लागतो. तो प्रेफरन्समध्ये किंवा परिच्छेदाच्या पॅनलमध्ये निवडावा लागतो, इंग्रजी बसवलेल्या मशीनवर तो बंद असतो. एकदा निवडला की संपलं. पण निवडायचा असतो हे माहीत हवं ना! इंकस्केपमध्ये ही भानगड नाही, तिथं मराठी सरळ उमटतं, आणि फुकट आहे. पान मांडायला स्क्रायबसची १.६ आवृत्तीही चालते, मात्र हात बसायला वेळ लागतो.

आणि जुना मजकूर. वाचनालय म्हटल्यावर कुणीतरी आजोबा दहा वर्षांपूर्वीची, श्रीलिपी या जुन्या टंकन सॉफ्टवेअरमधली फाइल देणारच. ती युनिकोड नाही. नुसता फॉन्ट बदललात तर सगळा रोमन कचरा दिसेल. कन्व्हर्टरमधून काढा आणि नंतर डोळ्यांत तेल घालून वाचा. रफार आणि अर्धी अक्षरं हमखास मार खातात.

अजून एक, मग थांबतो. मराठी शब्दाची अक्षरं 'हवेशीर' दिसावीत म्हणून ट्रॅकिंग (अक्षरांमधलं अंतर) वाढवतात हल्ली. शिरोरेषा तुटते हो! कपडे वाळत घालायची दोरी मध्येमध्ये कापल्यासारखी. हवा हवी असेल तर दोन ओळींत सोडा. मराठीला वर मात्रा, अनुस्वार, खाली उकार. इंग्रजीच्या सवयीनं अंतर ठेवलंत तर वरच्या ओळीचा ऊकार खालच्या ओळीच्या रफारावर बसतो.

कित्ता

काका, ते 'कतिी' माझ्याच हातून झालंय. पहिल्याच कामात, दहा फुटी फ्लेक्सवर. दुरुस्तीचे पैसे माझेच गेले. तुम्ही सांगितलेलं मला तीन आठवडे उशिरा कळलं.

ल बदलून पाहिला. घरच्यांना विचारलं, काय बदललं सांगा. कुणाला सांगता येईना, पण आई म्हणाली, "हे आपल्या पुस्तकासारखं दिसतंय."

आता चित्रांचं बोला ना कुणीतरी. मुखपृष्ठासाठी माझ्या डोक्यात दीनानाथ दलालांसारखं काहीतरी आहे. स्कॅन मिळतात नेटवर. एखादं जुनं मुखपृष्ठ घेऊन त्यावर आपलं नाव टाकलं तर?

मडगांवचो_मोगी

दलाल म्हणजे आमच्या गोंयचे, त्यामुळे बोलायलाच हवं. त्यांची चित्रं बघायची तर 'दीपावली'चे जुने अंक बघा, नुसतं मुखपृष्ठ नव्हे, आतली लहान रेखाटनंसुद्धा. कथेच्या सुरुवातीला एका कोपऱ्यात चार रेषांत बाई बसलेली असते, आणि ती कुठल्या घरातली, कुठल्या मनःस्थितीतली हे कळतं. पण ताई, ते चित्र उचलून वर नाव टाकायचं म्हणजे दुसऱ्याच्या माटोळीखाली (गणपतीच्या वर फळापानांची टांगतो ती चौकट) आपला गणपती.

आडनाव_नको

भावनिक बाजू मोगींनी सांगितली, कायदेशीर बाजू सांगतो. (पेशानं वकील. हा सल्ला नाही, गप्पा आहेत.)

आपल्याकडे चित्रकाराच्या हयातीपर्यंत आणि मृत्यूनंतर ६० वर्षं कॉपीराइट असतो, आणि ही ६० वर्षं मृत्यूच्या पुढच्या कॅलेंडर वर्षापासून मोजतात. दलाल १९७१ साली गेले. म्हणजे २०३१ संपेपर्यंत त्यांची चित्रं मोकळी नाहीत. स्कॅन नेटवर आहे याचा अर्थ कुणीतरी स्कॅन केलंय, एवढाच.

आता हाच हिशेब उलटा लावा. एम. व्ही. धुरंधर १९४४ साली गेले, त्यांची चित्रं कधीच मोकळी झाली आहेत. राजा रविवर्मा १९०६. धुरंधरांनी एडवर्ड्सच्या मुंबईवरच्या १९१२ सालच्या पुस्तकाला आणि रॉथफील्डच्या भारतीय स्त्रियांवरच्या १९२० सालच्या पुस्तकाला चित्रं काढली. दुसऱ्यातली रंगीत आहेत. नऊवारीतल्या बायका, वेगवेगळ्या जातीजमातींचे पोशाख, दागिने. इंटरनेट आर्काइव्हवर जुन्या पुस्तकांत शोधून बघा. मजकुरातला साहेबी सूर डोक्यात जातो, चित्रं मात्र पाहत राहावीत.

फोटोंबद्दल: अनस्प्लॅश आणि पेक्सेल्सवरचे फोटो व्यावसायिक कामात चालतात, पण ओळखू येणाऱ्या माणसाचा चेहरा जाहिरातीत वापरताना थांबा. फोटोग्राफरनं परवानगी दिली म्हणजे त्या माणसानं दिली असं नाही. विकिमीडिया कॉमन्सवर किल्ले, देवळं, घाट यांचे उत्तम फोटो आहेत, पण प्रत्येक चित्राखालची परवान्याची ओळ वाचा. बहुतेक ठिकाणी छायाचित्रकाराचं नाव द्यावंच लागतं. काही साइट्सवरची व्हेक्टर चित्रं 'फुकट' असतात ती नाव छापण्याच्या अटीवर, आणि ही अट वाचतं कोण? आणि गूगलच्या चित्रशोधातून आलेलं चित्र 'गूगलचं' नसतं. हे वाक्य मी वर्षातून चारदा तरी उच्चारतो, फी न घेता.

न्यूजर्सीची_नलू

मी इथल्या महाराष्ट्र मंडळाची पोस्टरं करते, नोकरी वेगळीच आहे. आठ वर्षं गणपतीचं पोस्टर म्हणजे क्लिपआर्टचा गणपती आणि बाजूला समई. मग मेट म्युझियमनं २०१७ साली आपल्या संग्रहातल्या कॉपीराइट संपलेल्या वस्तूंची छायाचित्रं खुली केली. ज्या चित्राखाली 'ओपन अ‍ॅक्सेस' लिहिलंय ते मोठ्या आकारात उतरवून घ्या आणि काहीही करा, नाव द्यायचीही सक्ती नाही (मी देते). तिथं इंग्रजीत 'चित्रशाळा' किंवा 'रविवर्मा प्रेस' शोधलं आणि मला हर्षवायू व्हायचा बाकी राहिला.

पुण्याच्या चित्रशाळेचे शिळाछाप! विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७८ साली काढलेली चित्रशाळा. देवादिकांच्या त्या तसबिरी, खाली बारीक अक्षरात छापखान्याचं नाव. आजीच्या देवघरात होती तसली चित्रं मला न्यूयॉर्कच्या संग्रहालयाच्या साइटवर सापडावीत, याचं हसावं की रडावं कळेना. त्यावर्षीचं पोस्टर त्यातूनच केलं.

लंडनच्या वेलकम कलेक्शनमध्येही अशा छापांचा साठा आहे, तिथंही परवाना बऱ्यापैकी सढळ. स्मिथसोनियननं २०२० मध्ये २८ लाख चित्रं खुली केली, त्यात पानंफुलं, पक्षी, कीटक यांची जुनी चित्रं आहेत, किनारपट्ट्यांना उपयोगी. फक्त ब्रिटिश म्युझियमला जाऊन फसू नका. चित्रं दिसतात सुंदर, पण परवाना बिगर-व्यावसायिक वापरापुरता आहे. अंकाला किंमत असेल तर तो मार्ग बंद.

फुकट_फौजदार

म्हणजे आपलीच चित्रं त्यांच्याच दारात मागायला जायची, आणि त्यांनी 'व्यावसायिक वापर नको' म्हणायचं. आणखी थोडं वाचलं तर रक्तदाब वाढेल, त्यामुळे रंगांचं बोला.

बोरूबहाद्दर

रंगांसाठी कूलर्स आणि अडोबी कलर दोन्ही फुकट आहेत, चित्र चढवलं की त्यातले रंग काढून देतात. खरी गंमत काय चढवता यात आहे. मी एकदा पिंगुळीच्या चित्रकथीचं पान चढवलं. विटकरी, पिवळट, काळा, आणि मध्येच एक हिरवा जो मी स्वतःहून जन्मात लावला नसता. ते पाच रंग दोन वर्षं पुरले. सावंतवाडीच्या गंजिफा, जुनी पैठणी, उन्हात वाळत घातलेल्या तुमच्या सांगलीच्या हळदीचा फोटो, काहीही चालेल. तयार पॅलेट उतरवण्यापेक्षा हे बरं, कारण रंगांना मग गाव असतं.

पेठेतला_छापखाना

गाव असतं ते ठीक, पण छापताना ते गाव नकाशावर असायला हवं! पडद्यावरचा झगझगीत भगवा ऑफसेटच्या चार शाईंत बसत नाही. सीएमवायकेला फाइल गेली की त्याची वीट होते. दर गणपतीत एक तरी मंडळ येऊन भांडतं, "आमचा भगवा का मेला?" तो मेला नाही, जन्मालाच आला नव्हता. सुरुवातीपासून सीएमवायकेतच काम करा, नाहीतर भगव्याची वेगळी पाचवी शाई लावा आणि पैसे मोजा.

९६ पानं म्हणजे १६ पानी सहा फर्मे (एक मोठा कागद छापून घडी घातली की होतो तो एक फर्मा), हिशेब छान बसतो. ९७ वं पान कुणाच्या कवितेसाठी वाढवू नका.

वेलांटी

कवितेचं पान वाढवू नका हे संपादकांना कोण सांगणार? काका, तुम्ही येता का सांगलीला?

रेघोट्या

अप्लाइडच्या शेवटच्या वर्षाला आहे, म्हणून भीत भीत लिहितोय. शिकायला कुठं जायचं, हे कुणीच लिहिलं नाही. आयआयटी मुंबईच्या आयडीसीचं (त्यांचा डिझाइन विभाग) 'डीसोर्स' नावाचं संकेतस्थळ आहे, त्यावर अक्षररचनेचे, डिझाइनचे धडे फुकट आहेत. 'टायपोग्राफी डे' ही परिषद २००८ पासून होते, तिथले शोधनिबंध त्यांच्या साइटवर ठेवलेले असतात. भाषा जड असते, पण एखाद्या गावातल्या पाट्यांवर वगैरे केलेलं काम वाचायला मजा येते.

आणि मला एक विचारायचं होतं. हे सगळं एआयकडून करून घेतलं तर? वर्गातली निम्मी मुलं तेच करतात.

बोरूबहाद्दर

रेघोट्या, भिऊ नकोस. एआयला एखादं चित्र मागून बघ, वातावरण ठरवायला, क्लायंटला 'साधारण असं' दाखवायला ठीक आहे. पण त्यात मराठी शब्द लिहून मागितलास तर पुष्कळदा जे येतं ते देवनागरीसारखं दिसणारं झुरळ असतं. दूरून अक्षर, जवळून पाय. अंतिम कामात अक्षरं स्वतः बसव.

तुझ्या वयाला दोन नावं देतो. र. कृ. जोशी: जाहिरातीत काम केलं, मग आयडीसीत शिकवलं. विंडोजमध्ये येणारा 'मंगल' त्यांचा. म्हणजे सरकारी कचेरीत युनिकोडमध्ये टंकलेलं जे पत्र तुझ्या घरी आलं असेल, ते बहुधा त्यांच्या अक्षरात आलंय, आणि तुला कुणी सांगितलं नाही. त्यांच्या सुलेखनाच्या प्रतिमा शोध आणि मग मंगल बघ. एकच माणूस ब्रशनं अक्षराला नाचवतो आणि छोट्या पडद्याच्या ठिपक्यांत त्याला शिस्तीत उभंही करतो.

दुसरे कमल शेडगे, २०२० साली गेले. वर्तमानपत्रातल्या नाटकांच्या जाहिराती आठवतात? नाटकाचं नाव वाचायच्या आधीच ते विनोदी की गंभीर, पौराणिक की आजचं हे कळायचं. तयार फॉन्ट नव्हताच तो, प्रत्येक नाव नव्यानं घडवलेलं. जुन्या पेपरांची कात्रणं मिळाली तर एक खेळ कर: शब्द झाक, फक्त दोन अक्षरं उघडी ठेव, आणि नाटकाचा स्वभाव ओळख. मी हा खेळ अजून खेळतो.

प्रत्यक्ष हातानं लिहायला शिकायचं तर अच्युत पालवांची प्रात्यक्षिकं बघ. मोडीचा अभ्यास करून आलेला हात आहे, त्यामुळे अक्षर धावतं.

मडगांवचो_मोगी

इन्स्टाग्रामवरच्या पाट्यांच्या नोंदी राहिल्या. पूजा सक्सेना यांचा 'इंडिया स्ट्रीट लेटरिंग' बघा, वेगवेगळ्या शहरांतल्या दुकानांच्या, इमारतींच्या पाट्या. आणि हनीफ कुरेशी यांचा 'हँडपेंटेड टाइप'. पाट्या रंगवणाऱ्या पेंटरांची अक्षरं जमवून त्यांनी त्यांचे डिजिटल फॉन्ट केले आणि फॉन्टला पेंटरचंच नाव दिलं. कुरेशी २०२४ मध्ये गेले.

पेठेतला_छापखाना

एवढं लांब कशाला जाता? भिंतीवरचं कालनिर्णय बघा. १९७३ पासून चालू आहे. एका चौकोनात तारीख, तिथी, नक्षत्र, सण, चंद्रोदय, आणि बाई त्याच चौकोनात दुधाचा हिशेबही लिहिते. तरी गोंधळ होत नाही. काय मोठं, काय लाल, काय बारीक हे ठरवलंय कुणीतरी. तुमच्या त्या परदेशी साइटवर याला काहीतरी भारी नाव असेल.

न्यूजर्सीची_नलू

काका, आहे. आणि त्यावर इथं महागडे कोर्स आहेत. माझ्या फ्रिजवर मात्र कालनिर्णयच.

कित्ता

मंडळी, तीन आठवड्यांनी परत आले, आधी सगळ्यांचे आभार. काय झालं ते सांगते.

आतली पानं 'टीरो'त लावली, मथळे 'अनेक'मध्ये. वेलांटीताईंच्या कुऱ्हाडीनं दोन फॉन्ट बाद केले. धुरंधरांची तीन चित्रं कथांना घेतली, खाली नाव आणि साल दिलं. संपादकांनी कविता वाढवलीच, मी हळदीच्या जाहिरातीचं अर्धं पान काढून ती बसवली.

मुखपृष्ठाचं मात्र अडलं होतं. दलाल नाहीत म्हटल्यावर दलालांसारखं स्वतः काढून बघितलं, चार वेळा, आणि चारही वेळा ते 'दलालांसारखं' दिसलं. मग मोगींच्या त्या पाट्यांवरून डोक्यात किडा शिरला. गणपती पेठेत एक पेंटरकाका आहेत, आता क्वचित पाट्या करतात, बहुतेक ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांवर नावं रंगवतात. त्यांच्याकडे गेले. अंकाचं नाव लिहून द्याल का? त्यांनी फॉन्ट विचारला नाही, जागा किती ते विचारलं. दोन बाय तीन फुटांच्या पत्र्यावर, आधी खडूनं दोन रेघा, मग सरळ ब्रश. मोजून चाळीस मिनिटं. आणि वेलांटीताई, ल पाकळीचा! शासन निर्णय सांगितला तर म्हणाले, "असं होय? आम्ही तर असाच काढतो."

पत्रा स्कॅनरवर मावत नाही, म्हणून अंगणात ढगाळ उजेडात फोटो काढला, सावली पडू नये म्हणून. रंगाच्या ओघळासकट ठेवलंय. मागं हळदीचा पिवळा, सीएमवायकेतला, काका.

एक प्रश्न उरलाय. काकांनी पत्र्याच्या उजव्या कोपऱ्यात, पाटीवर टाकतात तशी, स्वतःची सही आणि मोबाइल नंबर रंगवलाय. संपादक म्हणतात पुसून टाक, जाहिरात होते.

आडनाव_नको

सही ठेवा. चित्रकाराला आपलं नाव लावून घेण्याचा हक्क कायद्यातच आहे. नंबराचं मात्र काकांनाच विचारा, छापला तर दिवाळीत दिवसभर फोन वाजेल.

कित्ता

विचारलं. म्हणाले, "वाजू दे की."

फुकट_फौजदार

नंबर इथं नको, पण व्यनि (खासगी निरोप) करा. आमच्या सोसायटीची पाटी करायची आहे. पैसे देणार आहे, आयडीवर जाऊ नका.

पेठेतला_छापखाना

ते सगळं छान. सही एकदम कडेला आहे म्हणता, मग ब्लीड (कापायच्या रेघेबाहेरचा जादा भाग) किती सोडलंय? तीन मिलिमीटर तरी हवं. कटिंगला पहिला बळी त्या मोबाइल नंबराच्या शेवटच्या आकड्याचा जाईल.

कित्ता

अरे देवा. बघते.